चिमूटभर सरस

रुग्णाच्या अंगातून काढून मेणाच्या ठोकळ्यात बसवलेल्या मांसाच्या तुकड्याचा काप काढायचा, तोही इतका पातळ की वहीच्या एका पानाच्या जाडीत तसे पंचवीस मावावेत. तो न फाटता, न सुरकुतता कोमट पाण्यावर तरंगवायचा आणि खालून काच सरकवून अलगद वर घ्यायचा, हे काम तिने एकतीस वर्षे केले. रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत, तळमजल्यावर, उत्तरेला खिडकी असलेल्या खोलीत तिचे यंत्र होते. डावीकडे बर्फाच्या ट्रेमध्ये ठोकळे, उजवीकडे कोमट पाण्याचे काळे भांडे, हातात बारीक ब्रश. चाक फिरले की पात्यावरून कापांची फीत उतरत असे. त्या वेळी ती बोलत नसे आणि श्वासही रोखून धरी, कारण साध्या फुंकरीनेही फीत उडून जाई. सगळे तिला पापुद्रेबाई म्हणत. तिच्या खऱ्या आडनावाची गरज फक्त हजेरीपटाला पडे.

शेजारच्या खोलीत कापांना रंग देणारा एक गृहस्थ होता. त्याला अर्थातच रंगारी म्हणत. त्याची दहाही बोटे कायम कुठल्या ना कुठल्या रंगात माखलेली असत आणि जीभ कधीच स्वस्थ नसे. "पापुद्रेबाईंनी एकतीस वर्षांत निम्मे श्वास वाचवून ठेवलेत," तो नव्या माणसांना सांगे, "आता निवृत्त झाल्या की ते खर्च करत बसणार. आपण सगळे वर पोचलेले असू, आणि या मात्र ठणठणीत!"

तिचे हे कसब रुग्णालयात शिकलेले नव्हते. ते तिच्या थोरल्या बहिणीचे होते.

आई गेली तेव्हा धाकटी सात वर्षांची होती आणि ताई सोळाची. ताई गाव सोडून शहरात आली, एका पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कागद घडी घालायला लागली, आणि दोन वर्षांनी धाकटीला घेऊन आली. शाळेला सुटी असली की धाकटी कारखान्यात बसून राही. एका कोपऱ्यात गरम पाण्याच्या पातेल्यात सरसाचे भांडे ठेवलेले असे. त्याचा उग्र वास कपड्यांना लागे आणि वर्गातल्या मुली नाक धरत. जुन्या पुस्तकाचे फाटके पान जोडायचे तर ताई त्याच्यावर अत्यंत तलम कागद लावी. तो हाताने ओढला तर फाटे. "पातळ वस्तूला कधी ओढायचं नाही," ताई सांगे. "तिला पाण्यावर निजवायचं आणि खालून उचलायचं. ती आपणहून येते." धाकटीला कॉलेजात घालण्यासाठी ताईने किती रिळे दोरा शिवला याचा हिशेब दोघींपैकी कुणी कधी केला नाही. ताईचे लग्न राहून गेले. त्याबद्दलही कुणी कधी बोलले नाही.

पुढे धाकटी प्रयोगशाळेत लागली. पहिल्याच वर्षी तिच्या तोंडचे पाणी पळाले, कारण रंग देताना तिचे काप काचेवरून सुटून वाहून जाऊ लागले. कापून दिलेला तुकडा परत मिळत नसतो. तेव्हाचे विभागप्रमुख तिला सर्वांदेखत बोलले. त्या संध्याकाळी ती रडतरडत घरी आली. ताईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "एवढंच ना? पाण्यात चिमूटभर सरस टाक. बोट चिकट लागणार नाही इतकंच."

कारखान्यातला सरस तपकिरी आणि गढूळ असे. पण प्रयोगशाळेच्या कपाटात जिलेटिनची पांढरी, स्वच्छ पूड होती. जिलेटिन म्हणजे धुतलेला सरसच. तिने तो पाण्यात टाकला, आणि त्या दिवसापासून तिचा एकही काप काचेवरून हलला नाही. ड्रॉवरमध्ये एक छोटी डबी आली. वर्षे गेली. ज्यांना काप आपोआप चिकटून राहतील अशा लेप दिलेल्या काचा बाजारात आल्या. कामाच्या लेखी पद्धतीत "साधे शुद्ध पाणी वापरावे" असे वाक्य आले आणि तिने त्याखाली सहीही केली. पण ते वाक्य तिच्या हाताला कुणी सांगितले नाही. रोज सकाळी भांडे भरले की हात डबीकडे जाई, जसा घरातून निघताना कुलूप ओढून पाहण्याकडे जातो.

तिच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी एक तरुण संशोधक डॉक्टर त्या विभागात आली. यकृताच्या कर्करोगावर तिचा अभ्यास चालला होता. तिच्या सगळ्या काचा एकाच निळ्या रंगाने रंगवल्या जात, म्हणून रंगाऱ्याने दुसऱ्याच दिवशी तिचे नाव निळी डॉक्टर ठेवले. तिने ते हसून मान्य केले. कापांबद्दल तिला फार आदर होता, आणि पापुद्रेबाईंना कुणी नुसते "काप द्या" न म्हणता "हे कशासाठी हवे ते सांगते" म्हणणारे माणूस फार दिवसांनी भेटले होते.

"बाई, आपण आजवर पेशीकडेच बघत आलो," डॉक्टर एकदा चहा घेताना म्हणाली. "चोर पकडायचा म्हणून नुसता त्याचा चेहरा न्याहाळत बसायचं. पण चोर चालतो कशावरून? पेशी काही अधांतरी नसते. तिच्या बाहेर, चहूबाजूंनी प्रथिनांच्या दोऱ्यांचं जाळं असतं. पेशीच ते विणतात आणि त्यातच राहतात. कोलॅजन ही त्यातली मुख्य दोरी. आपला निळा रंग तिलाच लागतो."

"मग त्याचा रोगाशी काय संबंध?"

"यकृत निरोगी असतं तेव्हा हे जाळं मऊ आणि विरळ असतं. कावीळ वर्षानुवर्षं मुरली की जखमा भरता भरता दोऱ्या वाढत जातात, यकृत निबर होतं. आणि बाहेर काय निबर झालंय ते आतल्या पेशीला कळतं! मऊ जागी गप्प बसणारी पेशी कडक जागी हातपाय पसरायला लागते."

"म्हणजे जाळं वाईटच."

"तसंही नाही. कधीकधी हेच जाळं गाठीभोवती वेटोळं घालून तिला आत डांबून ठेवतं. कुंपणासारखं. असं कुंपण अखंड असलं तर माणूस बहुधा बरा राहतो. पण गाठीतल्या पेशीही लबाड. त्या दोऱ्या कातरणारी द्रव्यं सोडतात, उरलेल्या दोऱ्या ताणून सरळ करतात, आणि त्यांच्यावरूनच चालत रक्तवाहिनी गाठतात."

"म्हणा की कुंपणच शेत खातं!" दारातून रंगारी म्हणाला.

"अगदी. कुठलं कुंपण राखतं आणि कुठलं खातं, एवढंच मला शोधायचंय."

हे बोलणे झाले तेव्हा ते पापुद्रेबाईंना दुसऱ्या कुणाच्या तरी आजाराबद्दलचे वाटले होते. पुढच्याच महिन्यात ताईच्या यकृतात गाठ निघाली.

तरुणपणी झालेली कावीळ ताईने कारखान्यात उभ्या उभ्या काढली होती. ती आत कुठेतरी धुमसत राहिली असावी. सर्जनने गाठ काढली. अभ्यासासाठी तुकडा द्याल का, असे निळ्या डॉक्टरने विचारले तेव्हा ताई म्हणाली, "घ्या की. माझ्याकडे ठेवून तरी काय करू, त्याला काय पुठ्ठा बांधू?" तो तुकडा मेणात बसून बर्फाच्या ट्रेमध्ये आला. तो दुसऱ्याकडे देता आला असता. पण दुसऱ्याच्या हातात द्यायला तिचा जीव होईना. तिने तो स्वतः कापला. त्या दिवशी तिने रोखलेला श्वास बराच वेळ सुटला नाही.

आठवड्याने डॉक्टर स्वतः तिच्या खोलीत आली आणि तिने बाईंचे दोन्ही हात धरले. "कुंपण अखंड आहे. चारी बाजूंनी निळं." सर्जन आणि इतर डॉक्टरांच्या बैठकीत तसेच सांगितले गेले आणि दर सहा महिन्यांनी तपासणी पुरे, असे ठरले. तिच्या जिवात जीव आला. बसने घरी जाताना तिला समोर बसलेल्या अनोळखी माणसांचेही आभार मानावेसे वाटत होते.

हे सुख पाच आठवडे टिकले.

अभ्यासात काही केल्या आकडे जुळेनात. संगणक काचेवरचे निळे मोजत असे, आणि ते सगळ्यांचेच जरा जास्त भरे. यंत्रवाला दोनदा येऊन दिवा आणि कॅमेरा तपासून गेला. मग संशय रंगाऱ्यावर आला. तो काचा नीट धूत नसेल असे विभागप्रमुखांनी त्याला सुनावले. तो बिचारा प्रत्येक काच तीन-तीनदा धुऊ लागला आणि पहिल्यांदाच गप्प गप्प राहू लागला. एका सकाळी डॉक्टर वैतागून म्हणाली, "काल मी जिथे मांसच नाही अशी जागा मोजायला लावली. कोरी काच. तर तिथेही निळं! कोऱ्या काचेवर कोलॅजन कुठून येईल?"

पापुद्रेबाईंच्या हातातला कप तोंडापर्यंत गेलाच नाही.

सरस कशाचा होतो हे त्यांना लहानपणापासून माहीत होते: जनावराची कातडी आणि हाडे उकळून. जिलेटिन कशाचे होते हे त्या कॉलेजात शिकल्या होत्या: कोलॅजन उकळून. आणि निळा रंग कशाला लागतो हे त्या रोज पाहत होत्या. या तीन गोष्टी त्यांच्या डोक्यात तीन वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवलेल्या होत्या. त्या शेजारी शेजारी ठेवायची वेळ एकतीस वर्षांत आली नव्हती. पेशींबाहेरचे तेच प्रथिन, फक्त उकळून विस्कटलेले, त्या आठ महिने स्वतःच्या हाताने या अभ्यासाच्या प्रत्येक काचेवर पसरत होत्या.

दुसरा विचार लगेच आला. ताईचे कुंपण. ते सगळेच्या सगळे ताईचे होते, की त्यात थोडे डबीतले होते?

कुणाला ठाऊक नव्हते. डबीबद्दल लेखी कुठेच काही नव्हते. ती पिशवीत टाकून घरी न्यायची, उद्यापासून साधे पाणी वापरायचे. आकडे हळूहळू सरळ झाले असते, चार महिन्यांनी हार-तुरे घेऊन त्या निवृत्त झाल्या असत्या. झाकली मूठ. आणि मूठ उघडली तर त्यातून केवळ त्यांचे नाव जाणार नव्हते, अखंड कुंपणही जाण्याची शक्यता होती.

संध्याकाळी त्या ताईकडे गेल्या. ताई खिडकीशी बसून हाडाच्या पट्टीने कागदांच्या घड्या दाबत होती. डॉक्टरांनी विश्रांती सांगितल्यामुळे कारखान्याने काम घरी पाठवले होते.

"तोंड का एवढंसं करून आलीस?" ताई म्हणाली. "अजून आहे मी."

धाकटीने सांगितले. आधी अडखळत, मग एका दमात.

"म्हणजे निळं सगळं खोटं?"

"सगळं नाही गं. कुंपण असणारच. पण कुठे भगदाड असेल तर ते झाकण्याइतकं धुकं माझ्या सरसाचं आहे."

ताईने घडी पूर्ण दाबून बाजूला ठेवली. "म्हणजे पाच आठवडे मी सरसावर जगतेय!" आणि ती हसू लागली.

"हसू नकोस ना ताई."

"मग काय रडू? टाके दुखतात रडताना." ती थांबली. "तुला भीती कशाची वाटतेय? नोकरीची?"

"नाही. तू म्हणालीस तर मी सांगणारच नाही. तुला आता बरं वाटतंय, झोप लागतेय..."

"वा! म्हणजे माझ्या झोपेच्या आड लपतेस होय?" ताईचा आवाज चढला. "धाकटे, फाटक्या पानावर सरसाचा जाड लेप देऊन वरून गुळगुळीत करणारे कारागीर मी पाहिलेत. गिऱ्हाईक खूश होऊन जातं. वर्षाने पुस्तक उघडलं की पान काडकन तुटतं. अशा पुस्तकांवर मी आयुष्यभर मेहनत घेतली, आता माझ्याच अंगावर तसली बांधणी नको. फाटलंय की नाही ते आधी दिसू दे."

"आणि फाटलेलं निघालं तर?"

"तर बघायला तू आहेस, तुझी निळी डॉक्टर आहे, तो सर्जन आहे. न दिसणाऱ्या भगदाडाला कोण आहे?" तिने पट्टी पुन्हा हातात घेतली. "आणि हो, सरस टाक असं मीच सांगितलं होतं. निम्मी चूक माझ्या नावावर लिही. आणि तो तुझा रंगारी फुकट बोलणी खातोय, त्याचं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डबी डॉक्टरच्या टेबलावर ठेवली आणि उभ्याउभ्याच सगळे सांगितले. डॉक्टरने डबी उघडून आतली पांढरी पूड पाहिली. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"आठ महिने, बाई," ती म्हणाली. "आठ महिने मी यंत्रवाल्याशी भांडले."

"हो."

"पद्धतीच्या कागदावर तुमची सही आहे."

"आहे. वाचून केली होती. कागद बदलला, हात बदलला नाही."

डॉक्टर उठून खिडकीशी गेली. परत वळली तेव्हा तिचा आवाज उतरला होता. "तुमच्या बहिणीचा ठोकळाही यात आहे. हे लक्षात असूनही सांगितलंत?"

"तिनेच पाठवलं," पापुद्रेबाई म्हणाल्या. खरे ते हेच होते, आणि स्वतःकडे जास्त घ्यावे असे त्यांना वाटले नाही.

ठोकळ्यांमध्ये अजून मांस शिल्लक होते. सगळे काप पुन्हा काढायचे ठरले. ते दुसऱ्या कुणी काढावेत, असे पापुद्रेबाईंनी सुचवले. "एवढं पातळ दुसरं कोण कापतं?" डॉक्टर फटकन म्हणाली. "साध्या पाण्यात कापा. मी शेजारी बसते." विभागप्रमुखांनी चुकांच्या वहीत पापुद्रेबाईंच्याच हाताने नोंद करून घेतली. रंगाऱ्यापुढे त्या हात जोडायला गेल्या, तर त्याने आपली बोटे पुढे केली. "बाई, बघा तरी. लग्नातसुद्धा एवढी स्वच्छ नव्हती!" त्या दिवसापासून त्याची जीभ पुन्हा सुरू झाली, आणि त्याचे सगळ्यांना बरे वाटले.

ताईचा ठोकळा सर्वांत आधी कापला. काळ्या भांड्यात नुसते पाणी होते. फीत उतरली, तरंगली, काचेवर चढली आणि रंगातून बाहेर आली तरी तसूभरही हलली नाही. चिमूटभर सरसाची गरज कितीतरी वर्षांपूर्वीच संपली होती. त्यांना हसावे की रडावे ते कळेना.

दोघांना एकदम पाहता येईल अशा सूक्ष्मदर्शकाला दोन बाजूंनी दोघी बसल्या. आता कोरी काच कोरी होती. गाठीभोवतीची निळी कडा स्वच्छ, ठळक दिसत होती. डॉक्टर कडेकडेने काच सरकवत गेली. घड्याळात चारचा आकडा असतो तिथे ती थांबली. पूर्वी तिथे फिकट निळे दिसले होते. आता तिथे निळे नव्हते. दोऱ्या तुटलेल्या होत्या, दोन-चार ताणून सरळ झाल्या होत्या, आणि त्यांच्यावर पाच-सहा पेशी एकामागे एक, ओढ्यावरच्या फळीवरून माणसे जावीत तशा, बाहेर निघाल्या होत्या.

"दिसतंय?" डॉक्टरने हळूच विचारले.

"दिसतंय," पापुद्रेबाई म्हणाल्या. त्यांनी डोळा काढला नाही.

बैठक पुन्हा झाली. सहा महिन्यांऐवजी दर दोन महिन्यांनी तपासणी ठरली. पहिल्या तपासणीत काही नव्हते. दुसऱ्या तपासणीत यकृताच्या दुसऱ्या भागात मसुरीच्या डाळीएवढा ठिपका दिसला. तो इतका लहान होता की पोट उघडावे लागले नाही. बाहेरून सुई घालून उष्णतेने जाळून टाकता आला. तिसऱ्या दिवशी ताई घरी आली. दोन महिने आणखी गेले असते तर काय झाले असते, असे धाकटीने सर्जनला विचारले. तो म्हणाला, "सांगता येणार नाही. आणि सांगायची वेळ आली नाही, याचा मला आनंद आहे." पुढची दोन वर्षे प्रत्येक तपासणीच्या आदल्या दिवशी धाकटी मुकाट असे आणि ताई तिला चिडवत असे. दर वेळी कागदावर काही नसे. तेवढ्या काही नसण्यासाठी ती किती जणांची ऋणी होती, हे तिला रांगेत उभे राहून मोजता येई: सर्जन, निळी डॉक्टर, तीन-तीनदा काचा धुणारा रंगारी, आणि सुईच्या वेळी ताईचा हात धरून बसलेली ती परिचारिका, जिचे नावही विचारायचे राहून गेले.

दरम्यान पापुद्रेबाई निवृत्त झाल्या. हार-तुरे झाले. रंगाऱ्याने भाषणात श्वासांचा विनोद पुन्हा केला.

एका दुपारी निळी डॉक्टर पानांचा गठ्ठा घेऊन थेट ताईच्या कारखान्यात आली. तिचा प्रबंध पूर्ण झाला होता आणि तो इथेच बांधून हवा होता. ताई आता रोज दोन तासच येई. धाकटी तिला सोडायला म्हणून येई आणि घड्या दाबत बसे. ताईने चष्मा लावून पाने चाळली. दुसऱ्या प्रकरणात ती थांबली आणि मोठ्याने वाचू लागली. पहिल्या आठ महिन्यांतल्या सर्व काचा का बाद केल्या ते तिथे लिहिले होते. ही त्रुटी तंत्रज्ञाने स्वतः निदर्शनास आणली. त्याशिवाय पुढील कोणताही निष्कर्ष शक्य झाला नसता, असेही होते.

"बघ, छापून आलीस," ताई म्हणाली. "पण माझी निम्मी चूक कुठाय यात?"

"पुढच्या आवृत्तीत घालते," डॉक्टर म्हणाली.

ताईने पाने ठोकून सारखी केली, पाठ वर करून फळ्यांमध्ये आवळली, आणि हात सवयीने गरम पाण्यातल्या भांड्याकडे नेला. मग तो मागे घेतला.

"याला सरस नको गं बाई," ती म्हणाली. "उगाच पुन्हा निळं दिसायचं. धाकटे, जरा साधी मैद्याची खळ शिजव."

धाकटी उठली आणि भांड्यात पाणी मोजून घेऊ लागली.